खूण केलेलं ताट

सूनबाईने नखाला लावायच्या लाल रंगाने सासूबाईंच्या ताटाच्या काठावर ठिपका दिला, तो दिवस अगदी साधा होता. कोणी भांडलं नव्हतं, कोणी रुसलं नव्हतं. जेवणं उरकली होती, ओट्यावर भांडी पालथी पडली होती, नवरा बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे पेंगत होता. तिने एक ताट, एक वाटी आणि एक पेला बाजूला काढला, तिन्हींना ठिपका दिला, फुंकर घालून वाळवला आणि वेगळ्या कप्प्यात ठेवून दिला तो संच. मग मनाशी म्हणाली, भांड्यांना जरा रंग लावला, त्यात एवढं काय बिघडलं? पण मनाची अशी समजूत घालावी लागते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतंच, नाही का?

आता सूनबाई काही अडाणी नव्हती, आणि दुष्ट तर मुळीच नव्हती. उलट शहाणपण थोडं जास्तच होतं, तिथेच तर सगळी गोम होती. मोठ्या रुग्णालयात पोटाच्या विभागात ती तंत्रज्ञ होती. डॉक्टर पेशंटच्या घशातून दुर्बीण घालायचे आणि पोटाच्या आतून तिळाएवढा तुकडा काढायचे. तो तुकडा सूनबाई पिवळ्या जेलीत टाकायची. जेली पिवळीच राहिली तर ठीक, गुलाबी झाली तर पोटात जंतू आहे म्हणून समजायचं. ज्यांना दुर्बिणीची धास्ती, त्यांना ती औषधाचं पाणी पाजायची आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकर मारायला लावायची. पिशवी यंत्राला जोडली की यंत्र सांगायचं, आहे की नाही. अर्ध्या गावाच्या फुंकरा तिने अशा पिशवीत भरून घेतल्या होत्या. स्वतःची मात्र कधी नाही.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत भिंतभर नकाशा होता. पोटात व्रण झालेला किंवा पोटाचा कॅन्सर निघालेला पेशंट आला की त्याच्या गावावर लाल टाचणी लागायची. खाली किनाऱ्याच्या बाजूला टाचण्या तुरळक. वर डोंगराच्या अंगाला मात्र नुसती गर्दी. मोठे डॉक्टर नव्या लोकांना हौसेने समजावून सांगायचे, "जंतू इथेही आहे आणि वरही आहे. पण बियाण्याचे वाण असतात ना, तसे जंतूचेही असतात. किनाऱ्याचा वाण त्या मानाने गरीब, जुन्या भाडेकरूसारखा गप्प पडून राहतो. वरचा वाण डांबिस. तो भिंती पोखरतो." सूनबाईने हे इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. ती स्वतः किनाऱ्याची. सासर डोंगरावरचं. लग्नानंतर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर नवऱ्याची फुंकर तपासली. जंतू निघाला, तेव्हा त्याला गोळ्या खायला लावल्या आणि पुन्हा तपासून, साफ झाल्याचं बघूनच सुटकेचा श्वास टाकला. नवरा म्हणजे देवमाणूस, म्हणजे घरात असून नसल्यासारखा. त्याने मुकाट्याने गोळ्या खाल्ल्या.

मग सासरे गेले. पोटाच्याच कॅन्सरने गेले, आणि फार हाल होऊन गेले. सासूबाईंनी त्यांचं सगळं केलं, अगदी शेवटचा चमचा पाण्याचाही त्यांनीच पाजला. वरच्या घराला कुलूप लागलं आणि सासूबाई मुलाकडे राहायला आल्या. एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी, आणि गुडघे असे की दोन पायऱ्या चढल्या की भिंत धरायच्या. नात त्यांना बघून वेडी झाली. नातीला घरात सगळे चिमी म्हणायचे. ती नुकतीच शाळेत जायला लागली होती, आणि आजी आल्यापासून तिला शाळेचा कंटाळा यायला लागला होता.

सूनबाईला मात्र सासूबाईंकडे बघितलं की भिंतीवरचा नकाशा दिसायचा. चिमी आजीच्या मांडीवर बसली की दिसायचा. आजीच्या पेल्यातलं पाणी प्यायली की हटकून दिसायचा. घरातच फुंकर तपासणारी बाई असताना एक पिशवी आणून तपासायचं ना! पण नाही. जी लाल टाचण्या रोज बघते तिला आणखी कसली तपासणी हवी? तिने सरळ नखाच्या रंगाची बाटली उघडली.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर सासूबाईंनी ठिपक्यावरून बोट फिरवलं. काही सांडलंय असं वाटून नखाने खरवडून पाहिलं.

"राहू द्या आई, मुद्दाम केलंय ते," सूनबाई म्हणाली. "भांडी ओळखू यावीत म्हणून."

"कशाला गं?"

"आमचे मोठे डॉक्टर म्हणतात. बाबांना जो जंतू होता ना, तो तुमच्याही पोटात असणार. घरात लहान मूल आहे, म्हणून थोडे दिवस तुमचं वेगळं ठेवलेलं बरं."

मोठे डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. त्यांना सूनबाईला सासू आहे हेही माहीत नव्हतं. पण खोटं बोलायला कोणीतरी मोठं माणूस पाठीशी लागतं, तेवढ्यापुरतं तिने त्यांना उभं केलं. सासूबाईंचं बोट ताटाच्या काठावरच थांबलं.

"माझ्याही पोटात?" त्या म्हणाल्या.

"असणारच ना. जन्म वरच गेला तुमचा."

"आणि चिमीचे पापे?"

"तेही जरा जपूनच."

सासूबाई बरं म्हणाल्या. दुसरी एखादी असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं, शेजारपाजार गोळा केला असता, लेकाला धारेवर धरलं असतं. ह्यांनी ब्रदेखील काढला नाही. त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या मागून जेवायला लागल्या. आपली भांडी आपणच घासायच्या आणि आपल्या कप्प्यात ठेवून द्यायच्या. चिमी तोंड पुढे करून धावत आली की मान वळवून तिच्या पाठीवर थोपटायच्या. थोड्या दिवसांचे बरेच दिवस झाले, पण विषय कोणी काढला नाही. सासूबाई एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. खिडकीशी बसल्या की तासन् तास बसून राहायच्या. सासऱ्यांच्या आठवणीने असेल, असं सूनबाईने स्वतःला सांगितलं. ते सोयीचं होतं.

एकदा चिमी बाहुल्या मांडून बसली होती. एका बाहुलीच्या कपाळावर लाल रंगाचा ठिपका होता आणि ती दाराजवळ एकटी होती.

"ही का गं अशी लांब?" सूनबाईने विचारलं.

"ती खराब आहे," चिमी म्हणाली. "तिला सगळ्यांबरोबर नाही बसायचं."

सूनबाईचा चेहरा पडला. तिने बाहुली उचलून कपाटावर टाकली आणि रंगाची बाटली लपवली. भांड्यांवरचे ठिपके मात्र तसेच ठेवले.

आणि मग चिमीचं पोट दुखायला लागलं. आधी शाळा बुडवायचा बहाणा वाटला. पण ती जेवता जेवता मध्येच उठायची, पोट धरून पडून राहायची, अंग धरेना. रक्त तपासलं तर कमी. विभागातल्याच एका डॉक्टरांनी शौचाची तपासणी करायला सांगितली, आणि सूनबाईने स्वतःच्या हातांनी ती केली. जंतू निघाला. तिच्या पायाखालची जमीन सरकली. पण पाठोपाठ, खोटं कशाला बोला, तिच्या मनात हेच आलं की बघा, मी म्हणत होते ना!

घरी येऊन तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"आई, तुम्ही तिला भरवलंत का हो? खरं सांगा. माझ्या माघारी भरवता ना?"

"नाही गं. तू सांगितल्यापासून मी माझ्या ताटातलं शीतसुद्धा तिला दिलं नाही." सासूबाई गोंधळून उभ्या राहिल्या. "सकाळी तर तूच भरवतेस तिला."

"माझं काय? आम्ही किनाऱ्याकडची माणसं. हे तुमच्या वरचं दुखणं आहे. बाबांना खाऊन झालं, आता माझ्या पोरीच्या मागे लागलंय!"

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालूच होता. नवरा दारापर्यंत आला, दोघींकडे बघितलं, आणि आला तसा मागे गेला. सासूबाईंनी पलंगाखालची पेटी ओढली आणि घोंगडीची घडी घालायला घेतली.

"रविवारच्या गाडीने जाते मी वर," त्या म्हणाल्या. "पोरीला बरं वाटू दे."

वर म्हणजे कुठे? त्या कुलूप लावलेल्या घरात. पाणी उतारावरून आणायचं, पायऱ्या चढायच्या, आणि ह्या गुडघ्यांनी. शेजारची अर्धी घरंही बंद. तिथे म्हातारी एकटी पडली झडली तर दाराबाहेर कळणारही नाही, हे सूनबाईला ठाऊक होतं. थांबा, असं म्हणायला तिचे ओठ हललेही. पण तेवढ्यात आत चिमी पोट धरून रडायला लागली आणि तो शब्द राहून गेला.

मोठ्या डॉक्टरांनी चिमीला गोळ्या लिहून दिल्या आणि नेहमीचाच नियम सांगितला. मुलाला औषध द्यायचं तर घरातल्या सगळ्यांची फुंकर तपासायची, नाहीतर जंतू पुन्हा लागतो. मग सगळं घर रुग्णालयात गेलं. सासूबाईंनी औषधाचं पाणी एका घोटात संपवलं आणि इतक्या मनापासून फुंकर मारली की पिशवी टम्म फुगली. तेवढ्यात मोठे डॉक्टर तिथून चालले होते. सासूबाईंनी त्यांना हात जोडले.

"डॉक्टर, तुम्ही सांगितल्यापासून मी माझं ताट वेगळं ठेवते हो. पोरीचा पापासुद्धा घेतला नाही. तरी कसं झालं, कळत नाही."

डॉक्टर थांबले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. सूनबाई पिशवीचं बूच घट्ट करत राहिली, घट्ट असलेलंच.

"बरं आजी," डॉक्टर हळूच म्हणाले. "बघू आपण."

सूनबाईने पिशव्या यंत्राला जोडल्या. नवरा साफ. सासूबाई साफ. तिने पुन्हा बघितलं. साफच. असं कसं होईल? यंत्रानेच दगा दिला असेल. तिने सासूबाईंना पुन्हा एक दिवस बोलावून घेतलं, पिशवी फाटली होती अशी आणखी एक थाप मारली आणि म्हातारीला पुन्हा जिने चढवून पुन्हा फुंकर मारायला लावली. पुन्हा साफ. राहिली तिची स्वतःची पिशवी. ती तिने नुसती नियम म्हणून भरली होती आणि सगळ्यात शेवटी जोडली. यंत्राने सांगितलं, आहे.

किती वेळ ती त्या यंत्रापुढे बसून होती कोण जाणे. सगळ्या सकाळी तिच्या डोळ्यांपुढे आल्या. कामावर निघायची घाई, चिमी तान्ही, दात नसलेली. सफरचंदाचा तुकडा आपल्या दातांनी सोलायचा, आपल्याच तोंडात मऊ करायचा आणि तिच्या तोंडात द्यायचा. पुढे भात खायला लागली तेव्हाही चमचा एकच, एक घास तुझा आणि एक माझा. केवढं कौतुक वाटायचं तिला त्या खेळाचं! अजूनही रोज तेच चाललं होतं.

ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कागद पाहिला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"ताट वेगळं ठेवायला मी कधी सांगितलं होतं?"

"नाही सर."

"मोठ्या माणसांना हा जंतू असा ताटातून सहसा लागत नाही. तो लहानपणीच लागतो, बहुतेक वेळा आईकडून, कधी बापाकडून. हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

सूनबाई खाली बघत उभी होती. "पण सर, त्या वरच्या आहेत. सगळा जन्म त्या लाल टाचण्यांत गेला."

"माहेर कुठलं त्यांचं?"

सूनबाईने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला माहीतच नाही. सासऱ्यांचं गाव माहीत होतं, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं घर माहीत होतं. पण सासूबाई त्या घरात कुठून आल्या, हे इतक्या वर्षांत एकदाही तिने विचारलं नव्हतं. जणू काही त्या सासू म्हणूनच जन्माला आल्या होत्या.

"अहो, बाई सासरी येते तेव्हा तिचं लहानपण सरलेलं असतं," डॉक्टर म्हणाले. ते नकाशाजवळ गेले आणि डोंगराच्या पलीकडच्या उतारावर बोट ठेवलं. तिथे एकही टाचणी नव्हती. "मला वाटायचं, लांब पडतं म्हणून इथले लोक येत नाहीत. मागच्या वर्षी आम्ही तिकडे जाऊन फुंकरा घेतल्या. ह्या खोऱ्यात जंतू जवळजवळ नाहीच. का नाही, ते अजून कळलेलं नाही. विचारा घरी जाऊन."

घरी आली तेव्हा पेटी दाराशी बांधून ठेवलेली होती. उद्या रविवार. सासूबाई पलंगावर बसून चिमीच्या फ्रॉकचं बटण लावत होत्या, जाण्याआधी तेवढं काम संपवावं म्हणून. सूनबाई खाली फरशीवरच बसली.

"आई, तुमचं माहेर कुठलं हो?"

सासूबाईंनी सुई थांबवली. "आज काय हे मध्येच?"

"सांगा ना."

"पलीकडचं. खिंड ओलांडली की खाली खोरं लागतं ना, तिथलं." आणि मग त्या बोलतच सुटल्या. तिथलं पाणी कसं दगडातून यायचं, लग्न होऊन खिंड ओलांडताना चपलेचा अंगठा तुटला आणि त्या अनवाणी सासरी आल्या, तिकडच्या थंडीत पहिल्या वर्षी रोज रडल्या, हे सगळं. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नसेल, तर माणूस असंच बोलणार. सूनबाईने ऐकून घेतलं. मग तिला राहवेना.

"आई, तुमच्या पोटात काही नाही. दोनदा तपासलं. पिशवी फाटली नव्हती. जंतू माझ्यात आहे. चिमीला माझ्याकडून लागला, मीच माझ्या तोंडातलं तिला भरवत होते. आणि डॉक्टर ताटाचं काही बोलले नव्हते. ते मी मनाचंच सांगितलं."

सासूबाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. शिव्या देतील, द्याव्यातच असं सूनबाईला वाटत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नक्की?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्यात नाही? कधीच नव्हता?"

"कधीच नव्हता."

"म्हणजे यांना माझ्याकडून नाही लागला?"

सूनबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या अंगावर काटा आला.

"तू ताटाला खूण केलीस ना," सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी हाच विचार करतेय. आयुष्यभर माझ्या हातचं जेवले. आजारी असताना मीच भरवलं, चमच्याला ओठ लावून गरम आहे का बघून. मला वाटलं, मीच मारलं यांना."

त्या रडल्या नाहीत. पुन्हा बटण लावायला गेल्या, तर सुई हातातून निसटून फरशीवर पडली. सूनबाईने त्यांचे पाय धरले. माफ करा, एवढंच तिला म्हणायचं होतं, पण हुंदके आवरेनात. खिडकीशी बसलेली म्हातारी तिला आठवली, आणि आपण तेव्हा काय म्हणालो तेही आठवलं. सासऱ्यांच्या आठवणीने असेल.

"पुरे आता," शेवटी सासूबाई म्हणाल्या. "ऊठ. तुझं पोट दुखतं का गं?"

"नाही."

"गोळ्या घ्याव्या लागतील?"

"हो. चिमीला आणि मला. तोंड कडू होतं त्याने, मळमळतं."

"मग दोघी आजारी पडल्यावर घरात बघणार कोण? हा?" त्यांनी बाहेरच्या खोलीकडे मान उडवली, जिथे टीव्ही चालू होता. मग फरशीवर हात फिरवून सुई शोधायला लागल्या. "पेटी आत घ्यायला सांग त्याला."

त्या रात्री सूनबाईने सगळ्यांची ताटं एकाच वेळी मांडली. ठिपक्याचं ताट आपल्यापुढे ठेवलं आणि सासूबाईंपुढे कोरं. सासूबाई आल्या, बसल्या, ताटाकडे बघितलं, आणि हात लांब करून ठिपक्याचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. "मला आता ह्याची सवय झालीय."

सूनबाईचा हात वाढता वाढता थांबला. चिमीने आजीकडे बघितलं, मग आईकडे.

"आजी, तू आता खराब नाहीस ना? मग मी ती खूण पुसू?"

"पूस की," आजी म्हणाली. "कशाने निघते, ते आईला विचार. तिला माहीत असेल."

जेवणं झाल्यावर सूनबाई कापसाला नखांचा रंग काढायचं पाणी लावून ओट्यापाशी उभी राहिली. चिमी स्टुलावर चढून बघत होती. रंग निघाला, अगदी सहज निघाला. पण इतके दिवस सासूबाईंनी ते ताट रोज आपल्या हाताने घासलं होतं, सगळीकडून, ठिपका सोडून. सगळ्या ताटावर बारीक चरे होते, आणि रंगाखालची तेवढी जागा दुकानातून आणल्यासारखी कोरी चकाकत होती.

"आई, निघत नाहीये," चिमी म्हणाली.

"निघेल," सूनबाई म्हणाली, आणि काथ्या घेऊन ती जागा घासायला लागली.